बाईचे काळे खडे

११ नोव्हें., मंगळ.

तांड्याचा म्होरक्या नाईक, त्याच्या बाजेखाली माझ्या कॅनमधला मगभर थंड नायट्रोजन वतला. पांढरा धूर चारी बाजूनं वर. नाईक लुंगी सावरत थेट अंगणात, "पेटली रे पेटली!" बायका पाण्याच्या घागरी घेऊन पळाल्या. धूर गेल्यावर बाज थंडगार. आख्खा तांडा हासला. नाईकानं चप्पल फेकून मारली, चुकली.

बाई, माझी थोरली बहीण, हासली न्हाई. दारात बसून व्हती, तोंड इकडंच, पण बघत नव्हती. पयले मी असं काही केलं की पाठीत पयला धपाटा तिचाच, आन मंग आत जाऊन पोट धरून तीच हासायची.

दिवाळी झाल्यावर शहरातून आली ती. दोन बॅगा, एक लोखंडी पेटी, आन गादीच्या खोळीत गुंडाळलेली लंबी सळई. सळई रेल्वेत मांडीवर धरून आणली म्हणे. लेकरासारखी. याडीनं लेकीला इचारलं किती दिवस हाईस? बाई म्हणे, बघू.

१२ नोव्हें., बुध.

कनेरगाव नाक्याला दोन म्हशी भरवल्या. एक रफीक चाचाची. चाचाचं नेहमीचं, "डागदर, अबकी बार पक्का ना?" म्या म्हणलं चाचा, मी रेताची कांडी घालतो, ग्यारंटी म्हशीची. चाचा म्हणे, "बारावीला दोन बार बैठा, ग्यारंटी कहां से देगा तू."

घरी आलो तर फवारणीचे डबे जागेवर न्हाईत. याडीनं नाईकाच्या घरी नेऊन ठेवले. काहून ते म्या इचारलं न्हाई. बानं बी इचारलं न्हाई. बाई ज्वारीची भाकर चिवडत व्हती, तिनं मान बी वर केली न्हाई.

याडी मला मोरीपाशी गाठून म्हणे, तू घरी असलास की तिच्याजवळ बस. काही बी बडबड कर. तुला तेवढंच येतं.

१४ नोव्हें., शुक्र.

आज बोल्ली. मीच डिवचलं. म्हणलं सहा वर्षं तिकडं मोठ्या शहरात काय करत व्हतीस, आमाला तर लोक इचारतात बाई काय शिकते, मी सांगतो करंटचं.

म्हणे बराबरच सांगतोस.

मंग तिनं पेटी उघडली. काचेच्या बारीक नळ्या, तोंड वितळवून बंद केलेल्या, एकेकीत एक काळा खडा. तिळाएवढा. चमकणारा. हे तिनं सोता भट्टीत वाढवले. एक एक खडा व्हायला महिना महिना. म्हणे तारेतून करंट चालला की त्याला तकलीफ व्हते, तार गरम व्हती, करंट वाया जातो. काही काही वस्तू लई थंड केल्या की तकलीफ संपते. कमी व्हत न्हाई, संपते. शून्य. पण त्याला इतकं थंड करावं लागतं की खर्च परवडत न्हाई. तिचा खडा त्याच्या लई आधीच शून्यावर येतो. एकशे साठवर. ते त्यांचं मोजायचं माप हाय, तुझ्या नायट्रोजनच्या दुप्पट म्हणे. साध्या हवेत इतक्या वर जगात कोणाचाच येत न्हाई.

मंग तू इथं काहून?

दुसऱ्या लॅबवाल्यांना तिनं खडे पाठवले, त्यांच्याकडं काही झालं न्हाई. चार ठिकाणी न्हाई. तिनं शोधाचा पेपर छापला व्हता, आता लोक म्हणतात त्यातले आकडे हिनं बनवले. गाईड सर पयले फोटोत तिच्या खांद्यावर हात ठिऊन उभे व्हते. आता म्हणतात, "शारदा, अहो माझं नाव आहे त्या पेपरवर." डिसेंबरात कमिटी बसणार. पेपर माघारी घ्यायचा का, आन हिला ठेवायचं का काढायचं.

"मी आकडे बनवले न्हाईत सुन्या. माझ्याकडं दर बारीला शून्यावर पडतो. दर बारीला."

म्या म्हणलं मंग इथं पाडून दाखव.

ती माझ्या कॅनकडं बघून राहिली. तोच कॅन, ज्याच्यात वळूच्या, रेड्याच्या रेताच्या कांड्या ठेवतो आन मोटरसायकलला बांधून गावोगाव फिरतो. म्हणे किती उरलंय याच्यात?

१६ नोव्हें., रवि.

खडा तिळाएवढा, त्याला चार तारा चिटकवायच्या, केसाएवढ्या, चांदीच्या लेपानं. दोन तारांतून करंट जातो, दोन तारा तकलीफ मोजतात. बाईला आता ते जमेना. दोनदा तार निघाली. तिसऱ्यांदा ती भिंतीकडं तोंड करून बसली.

हिंगोलीहून इरफानला उचलून आणलं. त्याचं मोबाईलचं दुकान, मोबाईलच्या पोटातलं सगळं तो दुर्बिणीखाली जोडतो. इरफान म्हणे, "बाई, ये तो मच्छर का ऑपरेशन हय." पण केलं. पयल्या झटक्यात.

मंग खडा सळईच्या टोकाला. सळई तिनं सोता बनवलेली, आतून तारा वरपर्यंत. कॅनच्या तोंडातून सळई हळूहळू खाली सोडायची. बोटभर, बोटभर. जितकी खाली तितकं थंड. वर लॅपटॉपवर रेघ.

रेघ उतरत गेली, एकशे साठवर आली आन धपकन खाली. शून्य. मीबी बघितलं. माझ्या डोळ्यानं, खोटं कशाला बोलू.

बाई म्हणे, एक झालं. एकानं काही सिद्ध व्हत न्हाई. दुसरा खडा लावा.

तोंडावर काहीच न्हाई. जसं काही डाळीत मीठ बराबर हाय असं बोल्ली.

२० नोव्हें., गुरु.

आज जे केलं ते लिहितो.

इरफान आन मी दोघांचं ठरलं, बाईला हासवायचं. तिनं दुसरा खडा दिला व्हता तारा लावायला. आमी खडा नळीत तसाच ठेवला आन त्याच्या जागी शिसपेन्सिलीचं टोक तोडून लावलं. नाईकाच्या पोराची पेन्सिल. काळंच, तेवढंच. म्हणलं रेघ काही पडणार न्हाई, बाई चष्मा काढन, पुसन, कपाळाला आठ्या घालन, मंग आपुन सांगायचं की बाई, तू दुसरीच्या पोराचा गृहपाठ मोजून राहिलीस.

सळई खाली. इरफान तोंडात रुमाल घालून बसला.

एकशे सत्तर. एकशे पासष्ट.

एकशे साठ. धपकन. शून्य.

इरफाननं रुमाल काढला. माझ्याकडं बघितलं.

आन बाई उठली. हासली. खरंच हासली, दात दिसले. माझं डोस्कं दोन्ही हातात धरून म्हणे, "पडला रे सुन्या, पडला." डोळ्यातून पाणी. याडी चुलीवरून पळत आली, तिला वाटलं काय झालं काय न्हाई. बाईनं याडीला बी मिठी मारली. याडी मला इशाऱ्यानं इचारून राहिली, काय झालं? म्या कॅनचं झाकण लावलं.

रात्री बाई दोन भाकरी जेवली.

२१ नोव्हें., शुक्र.

इरफानच्या दुकानात.

"अबे सांग ना तिला."

"तू सांग."

"मेरी बहन हय क्या? तुझी हय."

"इरफान, तिनं काल दोन भाकरी खाल्ल्या."

"तो?"

"तो काही न्हाई."

तो सोल्डरिंग खाली ठिऊन म्हणे, पेन्सिल बी शून्य, खडा बी शून्य. म्हंजे खडा झूठा न्हाई, बाई झूठी न्हाई, सळई झूठी हय. उसमें कुछ हय.

मलाबी तेच वाटून राहिलं कालपासून.

२३ नोव्हें., रवि.

बाईनं गाईड सरला मेल टाकला. दुसऱ्या जागी, दुसऱ्या कॅनमधी, दोन खडे, दोन्ही बराबर तिथंच. सरचा लगेच फोन. स्पीकरवर लावला तिनं. "शारदा, हे फार महत्त्वाचं आहे. कमिटीपुढं तुम्ही स्वतः मांडा." आवाज एकदम गोड. खांद्यावर हात ठेवल्यासारखा.

बैठक ४ तारखेला. तिकीट काढलं. याडीनं लापशी केली. बानं शेजारी वाटी नेऊन दिली आन सांगून आला, आमची पोरगी जिंकली. कशात जिंकली ते त्याला माहीत न्हाई, तरी.

म्या लापशीची वाटी तशीच सरकवली. याडी म्हणे, जळतोस काय बहिणीवर?

२६ नोव्हें., बुध.

बाई शेतात गेली व्हती, हळद बघायला. महिन्यात पयल्यांदा घराबाहेर. तेवढ्यात इरफानला बोलावलं. त्यानं सळईच्या वरच्या टोकाला मोजायच्या दोन तारांना मीटर लावला, तारा एकमेकीला लागल्या की पी पी करतो ना तो. खडा काढलेला, तारा मोकळ्या. गप. सळई कॅनमधी सोडली. जरा वेळ गप. मंग पीऽऽऽ.

बाहेर काढली. गरम झाली. गप.

परत सोडली. पीऽऽऽ.

आत कुठंतरी दोन तारांचं वरचं प्लास्टिक फाटलं असन. थंडीनं सळई आखडली की त्या दोन एकमेकीला चिटकतात. चिटकल्या की मोजायला काही उरतच न्हाई, शून्य. खडा ठेवा, पेन्सिल ठेवा, ज्वारीचा दाणा ठेवा.

चार ठिकाणच्या लोकांकडं खडे गेले. सळई बाईकडंच ऱ्हायली.

इरफान म्हणे, अर्ध्या घंट्यात नवीन तार टाकून देतो, बाईला पता बी न्हाई चलेगा. जाण्याआधी एकदा मोजन, रेघ पडणार न्हाई, तिचं तिला समजन. आपुन मोकळे.

लई सोपं व्हतं. म्या सळई त्याच्या हातातून घेतली आन खोळीत ठेवली. तिला वाटलं असतं खडे मेले. उरलेली जिंदगी ती खड्यांवर रडत बसली असती.

आन काहीच केलं न्हाई तर? तिकडं तिच्या हातून सळई कोणी मागून घेईन. त्या बैठकीतच. लोकांपुढं.

२८ नोव्हें., शुक्र.

सांगतलं.

तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर बसली व्हती. म्या सगळं एका दमात सांगतलं, जसं गणिताच्या मास्तरला नापासाचं कारण सांगायचो.

तिनं इचारलं,

"पेन्सिल कोणती?"

"नाईकाच्या पोराची."

"कुठं पडली?"

"एकशे साठ."

"बराबर तिथंच?"

"बराबर तिथंच."

"आन हासलात का तुमी दोघं? मागून?"

"न्हाई बाई. आईशपथ न्हाई."

तुरीची एक शेंग तोडून सोलत बसली. दाणे खाली टाकले. म्हणे, मी तांब्याच्या तुकड्यावर तपासली व्हती सळई. पयल्याच वर्षी. तांब्याची तकलीफ आधीच इतकी बारीक, ती शून्य झाली तरी दिसत न्हाई. त्याच्यापेक्षा जरा वाईट काहीतरी लावून बघायला पायजे व्हतं. पेन्सिलीसारखं. कोणी बी लावलं असतं. मला सुचलं न्हाई.

मंग एकदम माझ्याकडं वळली, डोळे लाल. "त्याच दिवशी काहून सांगतलं न्हाईस?"

"तू हासलीस म्हणून."

तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

२९ नोव्हें., शनि.

जेवली न्हाई. उठली न्हाई. याडीनं मला अंगणात चुलीच्या लाकडानं हाणलं. "काय बोल्लास तिला? पोरगी उठून बसली व्हती रे, उठून बसली व्हती." बा मधी पडला न्हाई.

जवळा बाजार गावाहून एक फोन आला, गाय माजावर हाय म्हणून. गेलो न्हाई. दाराबाहेर बसलो. आतून हालचालीचा आवाज आला की जिवात जीव.

एकदा तिनं आतून इचारलं, "सुन्या, बसलायस का?"

"बसलोय."

"जा ना कामाला."

"गाय थांबन."

"गाय थांबत न्हाई. तूच सांगतोस सगळ्यांना."

१ डिसें., सोम.

बाईनं सोताहून इरफानला बोलाव म्हणलं. त्यानं तिच्यापुढं सळई उघडली. तिनं टॉर्च धरला. प्लास्टिक फाटलेलं, नखाएवढं. तिनं बोट ठिऊन बघितलं. लई वेळ बोट तिथंच. इरफान म्हणे, बाई, हात काढ, तार टाकतो.

पेन्सिल लावली पयले. एकशे साठ आलं, गेलं. रेघ आपली वर वरच. पडली न्हाई.

मंग खडा. खरा.

बाई कॅनकडं पाठ करून बसली, भिंतीकडं तोंड. म्हणे लॅपटॉप तू बघ, तू वाच. म्या म्हणलं मी? माझ्यावर कोण विसवास ठेवन, नाईकाची बाज पेटवणारा मी. म्हणे वाच. फक्त आकडा वाच.

इरफाननं सळई सोडली. मी तकलीफेचा आकडा वाचत गेलो. बावन्न. एकावन्न. पन्नास.

"एकशे साठ आलं का?"

"आलं."

"किती?"

"अठ्ठेचाळीस."

"खाली सोड."

सत्तेचाळीस. शेचाळीस. चव्वेचाळीस. शेवटी खडा नायट्रोजनमधी बुडाला, कॅनमधून सूं सूं आवाज आला आन बंद झाला.

"किती?"

"एकोणचाळीस."

मागं वळून तिनं बघितलं न्हाई. मी खोटं बोलतोय का हे बी बघितलं न्हाई. म्हणे, बरं. आन बसून ऱ्हायली. इरफान चप्पल घालून भाईर गेला, बिडी पीत न्हाई तरी पिला.

कॅनमधी पट्टी घालून बघितली. तळाला बोटभर. इतक्या बारी सळई खाली-वर करण्यात माझाच नायट्रोजन उडाला. वरच्या कांड्या किती दिवस उघड्या पडल्या कोणाला माहीत.

२ डिसें., मंगळ.

हिंगोली स्टेशन. बॅग मी धरली, सळई तिनं. म्हणलं ही कशाला नेतेस? म्हणे दाखवायला. खडे मागंच ठेवले पेटीत. पेन्सिलीचं टोक मात्र काचेच्या नळीत घालून नेलं.

"मेल टाकला का सरला?"

"न्हाई. मेल टाकला तर ते बैठकीच्या आधीच आपलं नाव काढून मोकळे व्हतील. मी उभी ऱ्हाऊन सांगणार."

"काढतील का तुला?"

"काढतील."

"मंग?"

ती म्हणे, काढणं सोपं हाय रे. सहा वर्षं लॅबमधल्या ज्या पोरापोरींनी माझ्यासाठी रात्र रात्र खडे मोजले, आन त्यांच्या सळयांवर पडत न्हाई म्हणून ज्यांना मी गचाळ म्हणलं, त्यांच्यापुढं उभं ऱ्हायचं हाय. त्यातली एक पोरगी तर सोडून गेली. मी तिला म्हणलं व्हतं, तुला हातच न्हाईत.

गाडी आली. खिडकीतून म्हणे याडीला सांग मी जेवले. म्या म्हणलं तू तर जेवली न्हाईस. म्हणे सांग. तुला येतं ना.

पयल्यांदा खोडी करायची इच्छा झाली न्हाई, आन तिनं सोताच करायला सांगतली.

३ डिसें., बुध.

पोचली. फोन आला एक मिनिटाचा. मागं लई गोंगाट. "उद्या अकराला." बस.

याडी दिवसभर माझ्यामागं. जेवली का? व्हय. काय जेवली? वरणभात. गरम व्हता का? व्हय याडी, गरम व्हता.

४ डिसें., गुरु.

अकराला आत गेली असन. बारा. एक. तीनला फोन लावला, बंद. पाचला बंद. गाईड सरचा नंबर माझ्याकडं न्हाई, असता तरी काय बोलणार, नमस्कार, मी पेन्सिलवाला.

याडीला सांगतलं मोठ्या लोकांच्या बैठका लंब्या चालतात. बानं मान डोलावली, जसं त्याला माहीतच हाय.

रात्री बंद. पुन्हा बंद. बाहेर बाजेवर पडलो, फोन छातीवर.

५ डिसें., शुक्र.

सकाळीच रफीक चाचाचा फोन. म्हैस उलटली, परत माजावर आली. "डागदर, तेरी कांडी में जान हय के न्हाई?" काय सांगू चाचाला, त्या कांडीच्या आदल्याच दिवशी मगभर नायट्रोजन नाईकाच्या बाजेखाली गेला व्हता. काल जिल्ह्याहून नवीन नायट्रोजन भरून आणला, नवीन कांड्या आणल्या, म्हणलं चाचा, येतो, फुकट भरवतो.

याडी म्हणे फोन आला तर? म्हणलं खिशात हाय, आवाज फुल.

म्हशीत हात कोपराच्या वर आत. चाचानं शेपूट धरलेलं. आन खिशात फोन वाजला.

चाचा म्हणे उठा ना. म्हणलं कसा उठाऊं, उजवा आत, डाव्यात कांडीची बंदूक. म्हणे मैं निकालूं? शेपूट सोडलं तर म्हैस लाथ मारन. वाजू वाजू बंद झाला. कांडी सोडली, बराबर जागेवर सोडली, हात काढला, मोजा उलटा करून फेकला, हात धुतले का न्हाई आठवत न्हाई.

बाई. एक मिस कॉल.

लावला. वाजून ऱ्हायला, उचलत न्हाई.

परत लावला. वाजून ऱ्हायला.

चाचानं चहा आणला, म्हणे बैठ, किसका हय? म्हणलं बहिणीचा. म्हणे उठाती न्हाई? म्हणलं न्हाई. चाचा बाजूला बसला, दोघं बी फोनकडं बघत.

कालपासून बंद व्हता. आता वाजतो तरी.

परत लावतो.